अभिप्रायाची सक्ती आणि वर्गाची एकी

वर्गातल्या मुलांनी एकमेकांचे लेखन वाचावे, त्याखाली दोन-चार ओळींचा अभिप्राय लिहावा आणि या देवाणघेवाणीतून वर्ग जोडला जावा, ही कल्पना आता शिक्षणाच्या चर्चेत जवळपास गृहीत धरली जाते. तिचे रूपही ठरून गेले आहे. प्रत्येकाने ठरावीक मुदतीत एक लेख लिहायचा, किमान दोन वर्गमित्रांच्या लेखांवर अभिप्राय द्यायचा आणि या अभिप्रायांना अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवायचे. यामागचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा आहे. वाचल्याने ओळख होते, ओळखीने आपुलकी वाटते, आपुलकीतून समूह उभा राहतो. ऐकायला हे बिनतोड वाटते. प्रत्यक्षात यातली एकही पायरी आपोआप चढली जात नाही आणि पुष्कळ वर्ग पहिल्याच पायरीवर, म्हणजे वाचण्यावरच, अडकून पडतात.

या कल्पनेचे पूर्वज म्हणून दोन अमेरिकी प्राध्यापकांची नावे घेतली जातात. पीटर एल्बो यांचे ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ हे पुस्तक १९७३ मध्ये आले. केनेथ ब्रफी यांचा सहयोगी अध्ययनावरचा गाजलेला निबंध १९८४ चा. दोघांचे म्हणणे मुळातून वाचले तर आजच्या रूढ पद्धतीशी त्याचे नाते फार दूरचे आहे असे दिसते. एल्बो यांच्या गटात सात ते बारा माणसे असतात. ती दर आठवड्याला भेटतात आणि प्रत्येक जण दर खेपेला काहीतरी लिहून आणतो. वाचणाऱ्याने लेखनावर निकाल द्यायचा नसतो. वाचताना आपले लक्ष कुठे लागले, कुठे सुटले, कोणता शब्द डोक्यात राहिला, एवढेच सांगायचे असते. लिहिणाऱ्याने ऐकून घ्यायचे, बचाव करायचा नाही. शिक्षक नाही, त्यामुळे गुणही नाहीत. ब्रफी यांच्या विचाराची पार्श्वभूमी वेगळी होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्या शहरातल्या सगळ्यांना दारे उघडली. महाविद्यालयीन लेखनाची सवय नसलेली मुले मोठ्या संख्येने आत आली आणि प्राध्यापकांनी देऊ केलेली मदत घ्यायला कचरू लागली. तेव्हा विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना मदत करण्याची व्यवस्था ब्रुकलिन कॉलेजात उभारण्यात आली आणि मदत करणाऱ्यांना त्यासाठी रीतसर तयार करण्यात आले. या दोन प्रयोगांतून पुढच्यांनी अभिप्राय तेवढा उचलला. छोटा गट, तीच ती माणसे, पूर्वतयारी आणि गुणांचा अभाव या अटी मागेच राहिल्या.

अटी गाळून उरलेल्या अभिप्रायाचे स्वरूप कोणत्याही वहीत पाहायला मिळते. ‘माझी आजी’ या विषयावर दीड पान लिहिलेले असते. मजकुरात एखादी जागा खरोखर जिवंत असते; आजी पेन्शनच्या दिवशी बँकेत जाताना ठेवणीतले लुगडे नेसते, असे काहीतरी. खाली तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत शेरे असतात. ‘छान लिहिले आहेस.’ ‘मस्त, असेच लिहीत राहा.’ ‘मला तुझा निबंध खूप आवडला, शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ हे तीन शेरे वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही वहीत हलवले तरी काही बिघडत नाही. बँक, लुगडे, पेन्शन यांचा त्यांना पत्ताच नसतो. लेख न वाचता लिहिता येईल अशाच बेताने ते लिहिलेले असतात.

याला मुलांचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. मुले उलट फार नेमका हिशेब करत असतात. खरा अभिप्राय दिला आणि तो बोचला, तर मधल्या सुट्टीत त्याची किंमत मोजावी लागते. गोड अभिप्रायाची किंमत शून्य असते. गुण मात्र दोन्हींना सारखेच मिळतात. अशा व्यवस्थेत गोड लिहिणारे मूल शहाणे ठरते. त्यातून एकमेकांची पाठ थोपटण्याचा जो व्यवहार सुरू होतो, तो शिक्षकाने शिकवलेला नसला तरी शिक्षकाच्या नियमानेच घडवलेला असतो.

कोणाला अभिप्राय मिळतो हेही पाहण्यासारखे आहे. निवड मुलांवर सोडली तर मैत्रिणी मैत्रिणींच्या वह्या घेतात, पहिल्या नंबराच्या मुलाकडे रांग लागते आणि मागच्या बाकावरची दोन-तीन मुले कोरी राहतात. ‘आमी’, ‘व्हतं’, ‘म्या’ असे घरचे शब्द कागदावर उतरवणाऱ्या मुलाला शेरा मिळालाच तर तो लाल रेघांचा मिळतो. वर्गातली पूर्वीची उतरंड या पद्धतीत मोडत नाही, उलट लेखी होते. आधी जे नुसते जाणवत होते ते आता वहीच्या पानावर मोजता येते. शिक्षकाने वाटण्या करून दिल्या तर कोऱ्या वह्यांचा प्रश्न सुटतो. पण मग वाचक नेमून दिलेला असतो, आणि नेमून दिलेल्या वाचकाचा अभिप्राय लेखकाला सांत्वन म्हणूनही पुरत नाही. शुद्धलेखनाच्या वह्या अदलाबदल करून तपासण्याची जुनी रीत या मानाने प्रामाणिक होती. दहा शब्द, बरोबर की चूक, खाली सही. त्यातून जिव्हाळा वाढेल असा दावा कोणी केला नव्हता.

दुसरी पायरी ओळखीकडून आपुलकीकडे जाण्याची. याबाबत समाजमानसशास्त्रात बरेच काम झालेले आहे आणि ते रूढ समजुतीच्या विरुद्ध जाते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात हे मांडले की दोन गटांचा नुसता संपर्क पुरेसा नसतो. संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, ते सहकार्यानेच गाठता येणारे हवे आणि वरच्या अधिकाराचा त्याला पाठिंबा हवा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह या ठिकाणी अकरा वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्या, तेव्हा वैर पेटायला वेळ लागला नाही. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला. मुलांनी त्या जेवणाच्या वेळा एकमेकांवर अन्न फेकण्यासाठी वापरल्या. पुढे छावणीचे पाणी बंद झाले आणि बिघाड सगळ्यांनी मिळून शोधावा लागला. जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना म्हणून सगळ्यांनी दोर लावून तो ओढला. तो दोर आधीच्या रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध वापरलेला होता. असे प्रसंग साठत गेल्यावर वैर ओसरले. संशोधकांनी भांडणे स्वतःच पेटवली होती असा आक्षेप या प्रयोगावर पुढे घेतला गेला आणि तो रास्तच आहे. तरी एकत्र बसवणे आणि एकत्र ओढायला लावणे यांतला फरक त्या आक्षेपाने पुसला जात नाही.

तोच फरक एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनच्या शाळांत वर्गाच्या पातळीवर दाखवला. वर्णभेदाची भिंत कायद्याने काढून टाकल्यावर गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एकाच वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. अ‍ॅरन्सन यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण पाठ कळायचा तर बाकीच्यांचे ऐकणे भाग होते. अडखळत इंग्रजी बोलणारा एक मेक्सिकन वंशाचा मुलगा आपला तुकडा सांगू लागला तेव्हा गटातली मुले त्याची टर उडवू लागली. देखरेख करणाऱ्याने त्यांना उपदेश केला नाही. थोड्या वेळात या पाठावर चाचणी आहे आणि याच्या तुकड्यातले प्रश्नही तीत येणार, एवढीच आठवण करून दिली. मुलांनी चिडवणे थांबवून प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि नीट प्रश्न आल्यावर तो मुलगाही नीट बोलू लागला. इथे परीक्षा होती, गुणही होते. पण गुण ऐकून घेतलेल्या मजकुराला होते. ‘छान बोललास’ म्हणण्याला गुण ठेवले असते तर त्या मुलाला तेवढे दोन शब्द मिळाले असते आणि बाकी काही नाही.

लेखनाच्या बाबतीत या प्रश्नाला सर्वांत भक्कम उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शाळामास्तराने फार आधी देऊन ठेवले आहे. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागून परतले आणि १९२० मध्ये दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या बार-सुर-लू या गावी शिक्षक म्हणून रुजू झाले. भरल्या वर्गात तासन्‌तास मोठ्याने बोलायला दम पुरत नव्हता, असे ते स्वतः सांगत. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात एक छोटे हातछपाई यंत्र आणले. मुले आपल्या मनाने लिहीत: घरचे, शेतातले, वाटेत पाहिलेले. वर्गात लावलेल्या गोगलगायींच्या शर्यतीची हकीकत त्यांच्या वाटेने जाणाऱ्या शिक्षकांच्या चळवळीत अजून सांगितली जाते. लिहिलेले मजकूर मोठ्याने वाचले जात आणि कोणता छापायचा हे वर्ग मतदानाने ठरवी. निवडलेला मजकूर फळ्यावर येई, आणि मूळ लिहिणाऱ्याच्या संमतीने सगळा वर्ग त्याच्यावर हात फिरवी. मग गट पाडून दोन-दोन, चार-चार ओळी वाटून घेतल्या जात, खिळे जुळवले जात आणि पान छापून निघे.

अभिप्राय या व्यवस्थेत कुठे बसतो ते पाहायला हवे. खिळे जुळवणाऱ्या मुलाला मजकुरातले प्रत्येक अक्षर खणातून उचलून उलटे लावावे लागते. ‘खूप खूप मोठा’ यातला दुसरा ‘खूप’ त्याला बोटांनी मोजावा लागतो. तो ‘हा शब्द काढूया का’ असे विचारतो तेव्हा त्या प्रश्नामागे मेहनत असते आणि लिहिणाऱ्यालाही ती दिसते. छापून निघालेल्या पानात चूक राहिली तर ती सगळ्या प्रतींत राहते, म्हणून ‘इथे वेलांटी चुकली’ हे सांगणे टोचून बोलणे ठरत नाही. ते सगळ्यांचे पान वाचवणे असते. शेरा कामातून निघतो आणि कामात जिरतो. त्याची वेगळी नोंद कोणी ठेवत नाही. फ्रेने यांच्या वर्गात कोण कोणाला किती वेळा अभिप्राय देतो हे मोजण्याची गरजच नव्हती, कारण अभिप्राय दिल्याशिवाय पान निघतच नव्हते.

आणि पान निघून ते कुठेतरी जात होते. १९२६ पासून फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या त्रेगंक गावाजवळच्या रने दानिएल यांच्या वर्गाशी छापील पानांची नियमित देवाणघेवाण सुरू झाली. पानांच्या जोडीने आपापल्या मुलखातल्या वस्तूंची पार्सलेही जात. डोंगरातल्या मुलांना जे रोजचे म्हणून सांगण्याजोगे वाटत नव्हते तेच समुद्रकाठच्या मुलांना कळेनासे होई, आणि ‘म्हणजे काय?’ अशी पत्रे येत. ‘म्हणजे काय?’ हा दोन शब्दांचा अभिप्राय ‘मस्त लिहिलंय’च्या शंभर प्रतींना भारी आहे. तो कोणी गुणांसाठी लिहिलेला नाही. विचारणाऱ्याला खरोखर ते माहीत नसते. आणि त्याला उत्तर द्यायचे तर अख्ख्या वर्गाला पुन्हा डोके एकत्र करून बसावे लागते. बार-सुर-लूच्या मुलांना ‘आपण’ म्हणजे कोण हे त्या दूरच्या वाचकामुळे कळले. बाहेर कोणी वाचणारे असल्याशिवाय वर्गाला आत असे एक होण्याचे कारण पडत नाही. रूढ पद्धतीत लेखक आणि वाचक दोघेही त्याच चार भिंतींत बसलेले असतात, आणि ‘आजी कोणत्या बँकेत जाते’ हे शेजारच्याला आधीच माहीत असते. विचारणार कोण?

यावर असे म्हटले जाऊ शकते की फ्रेने यांच्या वर्गातही मुले एकमेकांविषयी लिहीत होतीच. लिहीत होती. त्यांच्या वर्गांत भिंतीवर एक मोठा कागद लावलेला असे आणि त्यात रकाने असत: माझी तक्रार, माझी शाबासकी, माझी इच्छा, मी केलेले काम. आठवडाभर ज्याला जे वाटेल ते त्याने तिथे लिहावे. दोन नियम होते. लिहिणाऱ्याने नाव घालायचे आणि लिहिलेले कोणी खोडायचे नाही. आठवड्याच्या शेवटी वर्गाची सभा भरे, एकेक नोंद वाचली जाई, ज्याच्याविषयी लिहिले त्याला बोलण्याची संधी मिळे आणि सभा काहीतरी ठरवी. म्हणजे तक्रारीला उत्तर होते, शाबासकीला साक्षीदार होते आणि दोन्हींचा वर्गाच्या कारभाराशी संबंध होता. शिवाय तो कागद लेखनाचे गुण ठरवण्यासाठी नव्हता. सांडलेल्या शाईपासून कामाच्या वाटपापर्यंत सगळे त्यावर येई. रूढ अभिप्रायपद्धतीत यातले उत्तर नाही, सभा नाही, निर्णय नाही. शेरा लिहिला, शिक्षकाने टिकमार्क केला, विषय संपला.

इटलीतले बार्बियाना हे या धाग्याचे दुसरे टोक. डॉन लोरेन्झो मिलानी या पाद्र्याला १९५४ च्या डिसेंबरात फ्लोरेन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या या विखुरलेल्या वस्तीवर धाडण्यात आले. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली शेतकऱ्यांची मुले त्यांनी गोळा केली. शाळा वर्षाचे सगळे दिवस भरे, रविवारीसुद्धा. १९६३ मध्ये मारिओ लोदी हे शिक्षक तिथे आले. ते फ्रेने यांच्या वाटेने जाणाऱ्या इटालियन शिक्षकांच्या चळवळीतले होते. दोन शाळांतल्या मुलांनी एकमेकांना पत्रे लिहावीत अशी सूचना त्यांनी केली. बार्बियानाच्या मुलांनी त्यांच्या पियादेनाच्या वर्गाला सगळ्यांनी मिळून लिहिलेले पत्र पाठवले आणि त्या पत्राच्या निमित्ताने सामूहिक लेखनाचे एक तंत्रच त्यांच्या हाती लागले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक आठ मुलांनी याच तंत्राने लिहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मिलानी वारले.

तंत्र असे होते. प्रत्येकाच्या खिशात एक वही. सुचेल ते एकेका चिठ्ठीवर लिहायचे. एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, त्याच त्या बाजूला काढायच्या, जवळच्या एकत्र लावायच्या. ढिगांतून प्रकरणे होतात, प्रकरणांच्या ढिगांतून परिच्छेद. मग कापाकापी: फालतू शब्द, जड शब्द, लांबलेली वाक्ये, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी. त्यानंतर बाहेरच्या माणसांना बोलावून वाचून दाखवायचे, आणि ती फार शिकलेली नसली तर बरेच. जिथे त्यांना कळले नाही तिथे पुन्हा लिहायचे. मिलानींचा स्वतःचा हात या लेखनावर किती फिरला याविषयी वाद आहे, आणि वाक्यांची धार पाहता तो रास्तही वाटतो. पण चिठ्ठी टेबलावर ठेवल्यावर ती कोणाची हे महत्त्वाचे राहत नाही, ही गोष्ट वादापलीकडची आहे. ‘तुझा निबंध आवडला’ असे म्हणायला बार्बियानात कोणाचा निबंध नव्हताच. होता तो सगळ्यांचा राग, आपल्याला नापास करणाऱ्या शाळेवरचा. तो नीट मांडायचा तर शेजाऱ्याचे वाक्य कापावे लागत होते, स्वतःचे कापू द्यावे लागत होते.

अभिप्रायपद्धतीचे समर्थक संशोधनाचा हवाला देतात आणि त्याला बगल देणे योग्य नाही. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांपैकी काहींना केवळ अभिप्राय द्यायला शिकवले आणि काहींना केवळ आलेला अभिप्राय वापरायला. देणाऱ्यांचे स्वतःचे लेखन घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि दुसऱ्याचे लेखन बारकाईने तपासण्याच्या बाजूने तो बळकट पुरावा आहे. मात्र त्यात दोन गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांना अभिप्राय कसा द्यावा याचे शिक्षण मिळाले होते. आणि मोजले गेले ते लेखनकौशल्य. एकमेकांविषयीची आपुलकी वाढली असा दावा अभ्यासाने केला नाही, तो वापरणाऱ्यांनी केला. शिवाय देणाऱ्याचाच फायदा अधिक होत असेल तर घेणाऱ्याला ती भेट वाटावी असे त्यात काय आहे, हा प्रश्न उरतोच.

अभिप्राय म्हटला की तो उपयोगीच असणार ही समजूतही टिकत नाही. अव्हराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अशा शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली. अभिप्राय कामावरून हटून करणाऱ्या माणसाकडे वळला की तो निकामी होत जातो, हे त्यांचे स्पष्टीकरण. ‘तू फार हुशार आहेस’ हा शेरा या दृष्टीने शिवीइतकाच कुचकामी. गुणांबाबत रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्रायलमधल्या शाळांतला अभ्यास आणखी बोलका आहे. ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांची गोडी आणि कामगिरी टिकली वा वाढली. ज्यांना गुण मिळाले त्यांची तशी वाढली नाही. आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांच्या बाबतीत शेऱ्यांचा फायदा पुसला गेला. गुण समोर असले की मूल शेरा वाचत नाही. रूढ पद्धतीत तर गुण शेरा लिहिण्यालाच असतात. म्हणजे तो लिहिणाराही गुणांकडे पाहून लिहितो आणि घेणाराही मोजणीकडे पाहतो.

आता व्यवहाराचा आक्षेप. फ्रेने आणि मिलानी यांचे वर्ग लहान होते, वेळ भरपूर होता. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत खिळे कोण जुळवणार? आक्षेप खरा आहे, पण तो अभिप्रायाच्या सक्तीलाही तितकाच लागू पडतो. साठ मुलांचे प्रत्येकी दोन असे एकशे वीस अभिप्राय वाचायला कोणत्या शिक्षकाला वेळ असतो? म्हणूनच ते मोजले जातात, वाचले जात नाहीत. मोठ्या वर्गात उलट गटकामाची सोय अधिक असते, फक्त काम खरे हवे.

महाराष्ट्रातल्या शाळांकडे असे काम आयते आहे. हस्तलिखिताची परंपरा इथे जुनी आहे आणि अनेक शाळांनी ती आजही टिकवली आहे. तिचे आजचे रूप मात्र बहुतेक ठिकाणी उत्सवी झाले आहे. मराठीच्या बाई चांगले लिहिणारी सात-आठ मुले निवडतात, अक्षर सुंदर असलेल्या दोन मुली सगळा मजकूर उतरवून काढतात, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करतात, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते आणि अंक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जातो. वर्गातली बाकीची पन्नास मुले तो उघडूनही पाहत नाहीत. निवड, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, प्रतींची संख्या आणि अंक कोणाला पाठवायचा हे निर्णय वर्गाकडे दिले तर हेच हस्तलिखित अभिप्रायांची खरी जागा होऊ शकते. सुंदर अक्षराच्या मुलीला न कळणारे वाक्य उतरवताना लेखकाला हाक मारावीच लागेल. अंक शेजारच्या तालुक्यातल्या शाळेकडे गेला आणि तिकडून ‘तुमच्याकडच्या बोलीतला हा शब्द आम्हाला कळला नाही’ असे पत्र आले, तर ‘व्हतं’ लिहिणाऱ्या मुलाचा भाव वर्गात एकदम बदलेल, कारण उत्तर त्यालाच द्यावे लागेल. यासाठी यंत्र लागत नाही. लागते ती टपालाची तिकिटे आणि शिक्षकाची आपला अधिकार थोडा सोडण्याची तयारी.

तयारीचा मुद्दा हलका नाही, कारण खरा वाचक आला की धोकाही येतो. बार-सुर-लूनंतर फ्रेने सँ-पॉल या गावी बदलून गेले. तिथल्या एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: शाळेला मोफत साहित्य न देणाऱ्या महापौराविरुद्ध सगळा वर्ग बंड करून उठतो आणि स्वप्नातच महापौर मारला जातो. वर्गाने ते निवडून छापले. १९३२ च्या अखेरीस फ्रेने यांच्या विरोधकांनी तो मजकूर गावाच्या भिंतींवर चिकटवला, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी व्हाँस इथे स्वतःची शाळा उघडली आणि तिथे छपाई चालू ठेवली. दोन ओळींचा सक्तीचा अभिप्राय कोणाला असा गोत्यात आणत नाही. तो वर्गाबाहेर जात नाही, कोणाला काही विचारत नाही, कोणाचे काही बदलत नाही, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर वह्यांचा गठ्ठा म्हणून ठेवता येतो. शाळांना तो इतका सोयीचा वाटतो तो यामुळे. वर्गाच्या एकीशी या सोयीचा संबंध नाही.